फहाहीलच्या हिवाळ्याचा नकाशा

रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर काढलाय हा.
पुढच्या बाजूला पाइपलाइन, व्हॉल्व, माझी सही
आणि साहेबांची लाल फुली.
मागच्या बाजूला हिवाळा.

प्रमाण : एक सेंटिमीटर म्हणजे
एक सबंध संध्याकाळ, ए.सी. बंद ठेवून.

उत्तर दाखवायला बाण काढतात, नियम आहे.
मी मांजरीची शेपटी काढली.
बिल्डिंगखालची, बिनमालकाची, तीन रंगांची ती,
नोव्हेंबर लागला की गाडीखालून बाहेर येते,
शेपटी उभारते
आणि उत्तरेच्या वाऱ्याला विचारते, आलास का रे?

उजवीकडे समुद्र.
रंगवता रंगवता निळा खडू संपला,
म्हणून अर्धा समुद्र हिरवा आहे.
कुणी विचारलंच, तर तिथं खोल आहे म्हणून सांगतो.

मासळीबाजारापाशी पिवळा ठिपका दिसतोय, तो अबू हातिम.
बादली उलटी घालून बसतो, पुढ्यात फगा :
वाळूतून निघालेले, बटाट्यासारखे, महाग.
म्हणतो, ढग गडगडले की वाळूच्या पोटात धस्स होतं,
त्या भीतीच्या ह्या गाठी.
मी पाव किलो भीती घेतली,
कांद्यावर परतली. बरी लागते.

डावीकडचं वाळवंट मुद्दाम मोठं काढलंय.
तिथं तंबू, तंबूंत दिवे, दिव्यांत चहा.
(हे चुकलं; चहा किटलीत. पण खोडायचं नाही असं ठरलंय.)
अरफजची फुलं एवढीएवढीशी,
प्रमाणात काढायची तर दिसलीच नसती,
म्हणून एकेक फूल तंबूएवढं.
ऑफिसात असं केलं तर नोकरी जाईल.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कालिंदी शेवडे सांडगे घालतायत.
आत्ताच घालून घ्यायचे, म्हणतात,
जूनमध्ये ते वाळत नाहीत, थेट भाजून निघतात.
सांडगे मोजून काढलेत, एकशे बारा.
त्यांनी येऊन पुन्हा मोजले. एक कबुतराला माफ केला.

आणि जुन्या नकाशांत जिथं राक्षस असायचे, त्या कोपऱ्यात
उन्हाळा. कुशीवर झोपलेला,
एक डोळा अर्धवट उघडा.
शेजारी लिहिलंय : मोठ्यानं बोलू नये.

लिफ्टजवळ लावला तेव्हा एवढंच होतं.
मग लोकांनी हात धुऊन घेतले.
लीलम्मा सिस्टरनं गच्चीवर खुर्ची काढली, रिकामी,
खाली लिहिलं, नाइट ड्यूटीनंतर माझी.
दहाव्या फ्लॅटमधल्या पोरानं समुद्रात जिराफ सोडला.
कुणी तरी जिराफाला मफलर दिला.

काल लिफ्ट बंद पडली. उभ्या उभ्या बघत होतो
तर मागून ट्यूबलाइटचा उजेड पडलेला,
आणि हिवाळ्यातून पलीकडची पाइपलाइन दिसत होती :
समुद्रातून निघून, जिराफाच्या पोटातून,
सांडग्यांखालून थेट आमच्या टाकीत.

अगस्तीनं समुद्र प्यायला, एका आचमनात,
ह्याची केवढी कथा झाली.
इथं चोवीस बिऱ्हाडं, चोवीस अगस्ती,
रोज समुद्रच पितो, मीठ काढलेला,
आणि महिनाअखेर बिल भरतो.

तेव्हा आठवलं, तारा राहिलाच काढायचा.
इकडचे त्याला सुहैल म्हणतात.
तो दिसला की उन्हाळ्याची कंबर मोडते, अशी इथली म्हण;
आमच्याकडे तो उगवला की गढूळ पाणी निवळतं.
तोच तो. दोन गावांत दोन नावांनी नोकरी करणारा.

दक्षिणेला, रिफायनरीच्या ज्योतीच्या थोडा वर,
जागा सोडून एक ठिपका दिला.
नाव घातलं नाही. कुठलं घालू?

आज सकाळी बघतो तर
ठिपक्याशेजारी पेन्सिलीनं, टेकबहादूर वॉचमनच्या अक्षरात
(लिपी आम्हां दोघांची एकच, तेवढं बरं) :
बिहान चार बजे देखिन्छ।
चिया छ।